भाजलेला पांगारा

आमच्या बाई कुठलीही गोष्ट डोळे अर्धे मिटून बघायच्या. झाड, आभाळ, माणूस, सगळं. आकुर्डीच्या चित्रकलेच्या क्लासात पहिल्या रविवारी माझ्याकडं तशाच बघत होत्या. मला वाटलं, बाईंना डुलकी लागली. मी हळूच उठून पंखा वाढवला. एवढीच आपली अक्कल.

क्लासात गेलो तो बायकोपुढं फुशारकी मारून. पुनावळ्याच्या फ्लॅटमधली भिंत मोकळी होती. ती म्हणाली, "एखादं चित्र आणू." मी म्हणलं, "विकत कशाला? बारा वर्षं पेंट शॉपला आहे मी." महाळुंग्याच्या कंपनीत गाड्यांचे दरवाजे रंगवतो. ती म्हणाली, "भिंतीवर दरवाजा नकोय मला."

बाई रिटायर ड्रॉइंग टीचर. ऑइल कलरनं वसंतातलं झाड शिकवायच्या, ते इम्प्रेशनिस्ट की काय म्हणतात तसलं. पानन्‌पान काढायचं नाही. रंगाचे नुसते फटकारे मारायचे, डोळे अर्धे मिटून लांबून बघितलं की ऊन दिसलं पाहिजे. आणि माझा जन्म गेला फटकारा दिसू नये म्हणून! मी कॅनव्हासला प्रायमर मारला, पॉलिश पेपरनं घासला, झाड काढलं आणि वरनं पार गुळगुळीत केलं. बाई वाकून म्हणाल्या, "यात माझं तोंड दिसतंय रे. झाड कुठाय?"

सावली मी काळी मारायचो. त्या म्हणायच्या, "जांभळी असते. बघ की."

"बाई, आमच्यात शेडला कोड असतो. कोड सांगा, तोच मारतो."

"चैत्राला कोड नसतो, बाळा." बाळाचे निम्मे केस तेव्हा पिकलेले.

पुढं बाईंचा हात थरथरायला लागला. क्लास बंद करून त्या नाशिकला मुलाकडं निघाल्या. जायच्या आधीच्या रविवारी आमच्या बिल्डिंगमागच्या पांगाऱ्याचं चित्र त्यांनी एका सकाळीत काढलं. झाड होतं तो प्लॉट नव्या बांधकामासाठी खणणार होते. "एवढं मात्र बरोबर नेणार," म्हणाल्या, "हे शेवटचंच." पण ऑइल कलर वाळायला महिना लागतो आणि बाई निघणार आठ दिवसांत. मी छाती पुढं काढली. "द्या माझ्याकडं. वाळवायचं काम आमचं."

कंपनीत लाइनवर दोन दरवाज्यांच्या मधे टांगून चित्र रंग वाळवायच्या भट्टीत सोडलं. सुपरवायझर म्हणाला, "राव, हा कुठल्या मॉडेलचा दरवाजा?" आत चैत्र गेला, बाहेर वैशाख आला. फुलं करपली, रंगाला पापडासारखे फोड आले.

रविवारी जाताना खोटं पाठ केलं होतं. उंदरांनी कुरतडलं म्हणणार होतो. दारात बाई दिसल्या आणि खरं तेच तोंडातनं पडलं. त्या बांधलेल्या खोक्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "झाड आहे अजून?"

"आहे. उद्या मशीन येणार."

"मुलगा तीनला येतोय. चल. तू काढ."

काढलं. घासायला वेळ नव्हता, पुसायला धीर नव्हता. भीतीनंच हात पळत होता. बाईंनी बघितलं. "वाईट आहे," म्हणाल्या, "पण वारा आलाय त्यात. सही कर."

"कशाला बाई? दरवाज्यावर आमचं नाव नसतं. रिजेक्ट झाला तरच कुणी मारला ते शोधतात."

"मग रिजेक्ट झालाय समज. कर."

वाकडीतिकडी केली. तीन वाजता बाई ते ओलं चित्र मांडीवर उभं धरून गाडीत बसल्या.

मुलगा म्हणाला, "आई, सीटला रंग लागेल."

"लागू दे," बाई म्हणाल्या, "ओळखीच्या माणसाचा आहे."