रिलीव्ह म्हणजे आराम नव्हे

आज पप्पा अंबडच्या कंपनीतून दुपारीच घरी आले, तेही खुशीत. कंबरदुखीमुळे त्यांनी तिथे हलकं काम मागितलं होतं.

“साहेबांनी रिलीव्ह केलं मला,” ते आईला म्हणाले.

“लय देवमाणूस हाय,” आई म्हणाली.

“ताई, रिलीव्ह म्हणजे आरामच ना गं?” पप्पांनी मला विचारलं.

घरात पदवीधर मी एकटीच, म्हणून इंग्रजी शब्द माझ्याकडे येतात. पप्पांचा अंदाज तसा चुकीचा नव्हता. रिलीफ हा शब्द याच क्रियापदाच्या घरातला. मूळ लॅटिनमध्ये अर्थ आहे उचलून धरणं, ओझं हलकं करणं. पण ऑफिसच्या इंग्रजीत माणसाला रिलीव्ह केलं, म्हणजे नोकरीतून मोकळं केलं.

“पप्पा, उद्यापासून काम नाही,” मी सांगितलं.

पप्पा म्हणाले, “मी तर हात जोडून थँक्यू म्हणालो गं त्यांना.”

साहेब मराठीच आहेत. ते थँक्यू ऐकूनही त्यांनी पप्पांना थांबवून नीट सांगितलं नाही.

‘तुम्हाला कामावरून काढलंय’ हे आपल्या भाषेत म्हणताना जीभ अडखळते, म्हणून आपण इंग्रजीच्या मागे लपतो का? खरं सांगा.