महालक्ष्म्यांत बाजूला बसले तेव्हा

लातूरला जाताना पर्समध्ये नवऱ्याची सही घेऊन निघाले होते. खोटी. आदल्या दिवशी शाळेत, मधल्या सुट्टीत, जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर गिरवून गिरवून बसवलेली. पोट पाडायचं तर नवऱ्याची सही लागतेच, असं बायकांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलेले. मास्तरीण असूनही मी ते खरंच धरून चालले होते.

नवरा पुण्यात कंपनीत. त्याला फोनवर सांगितलं, दिवस गेलेत, मला नको. लेक अडीच वर्षांची, तिच्या वेळी सिझर झालेलं, आणि नोकरीची ऑर्डर हातात पडून चारच महिने. तो म्हणाला, "तुला पटंल तसं कर. फक्त आईला कळू देऊ नको." झालं, एवढंच! त्याची आई म्हणजे माझी सासू. तिला मी आत्या म्हणते. नांदेडच्या घरात आम्ही तिघीच, आत्या, मी आणि लेक. आत्यानं नातवासाठी माहूरच्या देवीला नवस बोललेला. कळलं असतं तर ती आडवी पडली असती, नवरा 'बघू की' म्हणत बसला असता, आणि आठवडे उलटून गेले असते. म्हणून गावात डॉक्टर असताना मी लातूर गाठलं. घरी सांगितलं, ट्रेनिंग आहे.

दवाखान्यात नर्सबाईंनी माझा कागद उलटसुलट पाहिला.

"हे काय, ताई?"

"मालकाची सही."

"कुणी सांगितलं लागते म्हणून? अठराच्या वर हाव ना तुम्ही? तुमची सही पुरं. आन् इथलं भाईर आम्ही कुणाला सांगत न्हाई."

सोनोग्राफीला आलं नव्हतं ते रडू तिथं आलं. माझ्या एकटीच्या सहीवर आजवर काही झाल्याचं मला आठवेना.

डॉक्टरीणबाईंनी सगळं सरळ सांगितलं. सात आठवडे आहेत, गोळ्यांनी होईल; ते नको असेल तर इथंच पिशवी साफ करता येते, त्याला फार वेळ लागत नाही. मी गोळ्या म्हणाले. पहिली त्यांच्यासमोर गिळली, बाकीच्या परवा घरी घ्यायच्या होत्या. कळा येतील, पाळीपेक्षा जास्त जाईल, गाठी पडतील, भिऊ नका. पण तासाला दोन पॅड भिजून सलग दोन तास तसंच चाललं, किंवा ताप उतरेना, तर जवळचा दवाखाना गाठायचा, लाजायचं नाही. पंधरा दिवसांनी तपासायला या.

"घरी सोबत कोण आहे?"

"सासू."

"त्यांना माहीत आहे?"

हाव म्हणाले. हे तिसरं खोटं.

येताना गाडी चाकूरला थांबली तेव्हा डोक्यात आलं, परवा म्हणजे महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. अगं बाई! पण गोळ्या काही सणासाठी थांबत नाहीत.

आमच्या घरी बाजूला बसणं अजून पाळतात. पाळी आली की चार दिवस मागची खोली, वेगळी चटई, ताट लांबून सरकवलेलं. मला त्याचा तिटकारा. त्यावरून आत्याशी किती भांडले असेन! त्या सकाळी मात्र पुरणाची डाळ चुलीवर असताना स्वतःहून म्हणाले, "आत्या, मी बसले."

"आजच? आजच बरी बसलीस! सोळा भाज्या एकलीनं करू व्हय?"

ती आदळआपट करत गेली. मी दार लोटून गोळ्या जिभेखाली धरल्या.

दुपारी कळा सुरू झाल्या. बाहेर आरती, बायकांचं हसणं, पुरणाचा वास. मी टॉवेल दातात धरून पडलेली. लेक उंबऱ्याशी आली. "मम्मी, शिवू का?" नको बाळा. "मंग कधी शिवू?" माझं चुकलं असं एकदाही वाटलं नाही, पण इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. नवऱ्याचा फोन आला, तो लेकीला फराळ दिला का विचारायला.

तेवढ्यात आत्या दारात. "कितीदा बदललंस?"

"काय?"

"कितीदा बदललंस, ते विचारून राहिले."

"तीनदा. सकाळधरनं."

"बरं." आणि गेली. पाळीत तिनं असं कधी विचारलं नव्हतं. रात्रीपर्यंत ती आणखी दोनदा येऊन तेच विचारून गेली, आणि मी आपली भीतीनं गार.

चौथ्या दिवशी जाणं कमी झालं, ताप नव्हताच. डोक्यावरून पाणी घ्यायला उठले तर आत्या वाटेत उभी.

"बस खाली. दहा दिस बस."

"दहा? दहा तर बाळंतिणीला..." म्हणता म्हणता कळलं, हिला सगळं ठाऊक आहे.

ती उंबऱ्याबाहेर टेकली. माझ्याकडं बघेना. "माझ्या येळी मला चौथ्याच दिशी रानात धाडलं हुतं. कुणाला सांगितलंच न्हवतं, मंग कोण बसू देतंय? लई सोसलं."

मी विचारलं, "आन् नवस?"

"देवीला मी सांगते काय सांगायचं ते. ती बी बाईच हाय."

तिनं खारीक-खोबऱ्याची वाटी लांबून सरकवली. मला वाटलं, जावं आणि तिच्या मांडीवर डोकं टाकून मोठ्यानं रडावं. मी हात पुढं केला. तिनं सवयीनं पदर आवरून घेतला.