वानखेडे मिस्त्रींची पहिली फेरी

बंद पडलेल्या इंजिनाला वानखेडे मिस्त्री अर्धा तास हात लावत नसत. आधी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायचे, बाटली उन्हात ठेवायचे आणि तिच्यासमोर उकिडवे बसायचे. तळाशी पाणी उतरतंय का, गाळ बसतोय का, ते बघत. तेवढ्या वेळात कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा म्हणाले होते, "मिस्त्री, पूजा आटोपली की सांगा, मी प्रसादाला येते." ते वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "आंधी टाकी, मंग इंजिन. उपाशी इंजिनाले शिव्या देऊन काय फायदा, ताई?"

खडकवासल्याच्या पुढे, बॅकवॉटरला माझा लहानसा बोट क्लब आहे. दोन वल्ह्यांच्या होड्या, एक मोटरबोट आणि एक जुनी वॉटर स्कूटर. मी मूळची सदाशिव पेठेतली, त्यामुळे जीभ घरूनच धार लावून मिळालेली. यंत्रांच्या बाबतीत मात्र आनंद. ही स्कूटर तिसऱ्या हाताची. दर पंधरा दिवसांनी तिच्या इंजिनापर्यंत पेट्रोल पोचेनासं व्हायचं. शहरातल्या चकाचक वर्कशॉपवाल्यांनी तिच्याकडे लांबूनच बघून "नवीन घ्या मॅडम" एवढा सल्ला दिला. मग कोणीतरी हडपसरच्या वानखेडे मिस्त्रींचं नाव सुचवलं.

मिस्त्री अकोल्याकडचे. तरुणपणी हडपसरच्या एका कारखान्यात लागले, तो बंद पडल्यावर घराच्या ओट्यावर जुन्या स्कूटरी आणि शेतातले फवारणी पंप दुरुस्त करायला लागले. समुद्र त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. दोन बस बदलून, कापडी पिशवीत पाने-पक्कड घेऊन आले, वॉटर स्कूटरची सीट उचलून आत डोकावले आणि म्हणाले, "हा तं फवारणी पंपच हाय. फक्त माज जास्त हाय."

पेट्रोलची प्रत्येक नळी ते सोडवून काढत, एक टोक बोटाने बंद करून दुसरीकडून फुंकत आणि नळी गालावरून फिरवत. केसाएवढी चीर असली तरी तिथली हवा गालाला लागते, असं त्यांचं म्हणणं. चीर सापडली की नळी मला दाखवत, "पाहा, इंजिन पेट्रोल सोडून वारं पिऊन रायलं."

त्यांचा आणखी एक नेम होता. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी त्यांची. पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, लाइफ जॅकेटचे पट्टे तीनतीनदा ओढून बघायचे आणि आमच्या नावाड्याच्या मागे डोळे मिटून बसायचं. समोरच्या काठापर्यंत जाऊन परत. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला पोहता येत नाही, कशाला हा हट्ट?"

"ज्यानं जोडलं त्यानंच पयले बसाव, ताई. पोहता येत नाई, म्हणूनच तं नीट जोडतो."

अशी चारेक वर्षं गेली. त्यांच्या हातची स्कूटर बघून तलावावरचे इतर बोटवालेही त्यांना बोलवायला लागले होते. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

मग एका उन्हाळ्यात नवी नळी बसवून, आपली फेरी मारून ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं घेऊन स्कूटर पुसायला बसले. स्वच्छता हा माझा आजार आहे. टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी बाहेरची हवा आत यावी लागते, नाहीतर पेट्रोल पुढे सरकत नाही; त्यासाठी टाकीला एक बारीक नळी असते आणि त्या नळीवर अंगठ्याएवढी झडप. हवा आत येऊ द्यायची, पेट्रोल बाहेर सांडू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. तिच्यावर चिखल होता. "हिले हात नका लावू, ताई," असं मिस्त्रींनी बजावलं होतं. मी ती काढली, धुतली, पुसली आणि परत बसवली. झडपेवर एक बाण असतो. त्याचं तोंड कुठे आहे, ते मी बघितलंच नाही.

दुपारी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन स्कूटरवर गेले. दहा मिनिटांत, ऐन मधोमध, इंजिन बंद. वारा सुटलेला, स्कूटर भलतीकडेच वाहायला लागली. आमची बोट त्यांना ओढून आणेपर्यंत अर्धा तास गेला. मुलगी रडून रडून निळी पडली होती. गृहस्थ तक्रार करतो म्हणून अडून बसले. क्लबच्या परवान्याचे कागद तेव्हाच सरकारी साहेबांच्या टेबलावर सहीला होते. अशी एक तक्रार गेली असती तर कुलूपच. मी मिस्त्रींना फोन केला. ते आले, तशी मी त्या गृहस्थांच्या देखत त्यांना म्हणाले, "दिसत नसेल तर चष्मा लावा, हात चालत नसतील तर घरी बसा. माणसं म्हणजे तुमचे फवारणी पंप नव्हेत." वाक्य छान जमलं, असंही तेव्हा वाटलं मला. शरम वाटते सांगायला.

मिस्त्रींनी त्या दिवशी बाटली काढली नाही. सरळ टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत शिरली. मग सीट उचलली. अख्ख्या स्कूटरमध्ये ती एकच झडप लखलखत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं.

"काई सांगाचं हाय का, ताई?"

"मी काय सांगणार? तुम्हीच सांगा."

त्यांनी झडप फिरवून बसवली, हात पुसले आणि त्या गृहस्थांना म्हणाले, "मायी चूक होय, साहेब. माह्या हातानं उलटी लागली." गृहस्थ जरा निवले. तेवढ्यावर थांबायचं ना मी! पण नाही. "आजपासून यांचं इथलं काम बंद," हे मी कोणी न मागता म्हणाले. मिस्त्रींनी तरीही पँट दुमडली, पट्टे ओढून बघितले आणि पहिली फेरी मारून आले. जॅकेट खुंटीला लावलं. "येतो, ताई," म्हणाले, नेहमीसारखंच.

तक्रार गेली नाही, परवाना मिळाला. इतर बोटवाल्यांच्या कानावर गोष्ट गेली आणि त्यांनी मिस्त्रींना बोलवणं सोडलं. मी दीड वर्ष उद्या फोन करू, उद्या करू, करत राहिले. जगाला चार शब्द सुनावायला कधी न अडखळणारी माझी जीभ त्या एका वाक्याला उचलेना.

मिस्त्री वारल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. मी हडपसरला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने मला पहिल्यांदाच पाहिलं, तरी नाव सांगताच ओळखलं. चहा केला. म्हणाल्या, "यायनं घरी लय नाव काढलं तुमचं. मंग बोटवाले बलावनासे झाले, तं मी इचारलं, काऊन हो? तं म्हणे, माह्या हातून चूक झाली, एक पोरगी बुडता बुडता वाचली."

म्हणजे खरं काय ते त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

"नाही हो काकू," मी म्हणाले. "त्यांची काही चूक नव्हती." पुढचं वाक्य तोंडात आलं होतं. अगदी दाताशी.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुमी मोठ्या मनाच्या, ताई. म्हणून असं म्हणता." आणि माझ्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

मी ती खाल्ली.