हिमोढातला कोनाडा

चौसाळ्याच्या पंचक्रोशीत गुरुपादअप्पांना दोनच कामांसाठी बोलावणे येई. एक विहीर खणण्यासाठी, दुसरे समाधीचा खड्डा काढण्यासाठी. पहिले काम हे त्यांचे पोट होते. दुसरे ही त्यांची सेवा होती, आणि ती त्यांच्या आजोबांपासून घरात चालत आलेली होती.

लिंगायतांमध्ये देह आडवा निजवीत नाहीत. त्याला पद्मासनात बसवितात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि मग भूमीच्या स्वाधीन करतात. त्यासाठी आधी सरळ, खोल खड्डा घ्यावा लागतो आणि मग तळाशी एका भिंतीत, बसलेला देह सामावेल एवढा कोनाडा कोरावा लागतो. वरून लोटलेली माती थेट मस्तकावर पडू नये, हा त्यामागचा भाव. कोरणाऱ्याच्या माथ्यावर त्या वेळी पुरुषभर जाडीची भूमी निराधार असते. अप्पांना तिचे भय कधी वाटले नाही. काळ्या मातीचा थर संपून पिवळसर मुरूम लागला, की ते पहारीच्या टोकाने तो वाजवून पाहत आणि म्हणत, "काळी दगा देती. मुरूम मातर दिल्या शब्दाला राहतो."

नव्वदची ती वर्षे. देशाची कवाडे उघडली, गावोगावी टीव्हीच्या तबकड्यांच्या छत्र्या उगवल्या, आणि त्याच ओघात बोअरच्या गाड्या मराठवाड्यात शिरल्या. विहिरीला जिथे दोन उन्हाळे लागत, तिथे गाडी एका दुपारीत भोक पाडून निघून जाई. अप्पांची पहार भिंतीला टेकली ती टेकलीच. अशा वेळी सिरसाळ्याचा मृत्युंजय त्यांच्या दारी आला. गंगासागरबाई या किराणा दुकान चालविणाऱ्या विधवेचा हा एकुलता पुत्र भूगर्भशास्त्र शिकून सरकारी खात्यात लागला होता, आणि दक्षिण ध्रुवखंडावर जाणाऱ्या एका तुकडीत त्याची निवड झाली होती. त्याला खणणारा माणूस हवा होता. त्याच्या वडिलांची समाधी अप्पांनीच काढलेली. त्या खड्ड्याच्या भिंती किती नितळ होत्या, हे त्याच्या स्मरणात राहिले होते.

निघताना गंगासागरबाई अप्पांना एवढेच म्हणाल्या, "गुरुपाद, पोरगं खुळं हाय माझं. दगड दिसला की जेवन इसरतं. नजर ठिव."

"ठिवतो, अक्का," अप्पा म्हणाले.

गोव्याहून जहाज निघाले, आणि पुढे पृथ्वीच्या त्या शुभ्र, निःशब्द टोकाला ते पोचले. तिथल्या एका दरीतून हिमनदी मागे सरलेली होती. दरी उघडी पडली होती. ना तृण, ना मुंगी, ना पाखरू. केवळ दगडगोट्यांचे लांबच लांब बांध एकामागे एक पसरलेले. मृत्युंजय त्यांना हिमोढ म्हणे.

"अप्पा, पालीच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरतं, तवा काठाला काय राहतं?"

"रेती. अन् आत उतरलं की पिठावानी गाळ."

"म्हणजे पाणी पाखडून ठेवतं. जड अलग, हलकं अलग. बर्फ पाखडत नाही. घराएवढी शिळा आणि हळदीएवढी बारीक माती, सगळं एका मुठीत आणतं आणि मागं सरताना जिथं थांबेल तिथं तसंच टाकून जातं. हा प्रत्येक बांध म्हणजे त्याचा एक मुक्काम."

बांधांच्या मागे हिमनदीचे वितळलेले पाणी साचून एकेकाळी तळी झाली होती. त्यांच्या तळाशी उन्हाळ्यात भरड रेती बसली, हिवाळ्यात वर बर्फाचे झाकण पडल्यावर निवळलेली सूक्ष्म माती. थरांची अशी वळीवर वळी चढत गेली. मृत्युंजयाला शोध होता तो एका गोष्टीचा. तळ्याच्या त्या वळ्या बांधाच्या खाली शिरलेल्या आढळल्या, तर मागे सरलेली हिमनदी पुन्हा एकदा पुढे आली आणि तिने स्वतःच्याच गाळावर हा बांध रचला, असे सिद्ध होणार होते. अप्पांनी बांधाच्या पायथ्याशी, सावलीच्या अंगाला, सरळ खड्डा घेतला. भिंत दगडासारखी उभी राहिली. तळाशी करड्या वळ्या दिसल्या, आणि त्या खरोखरच बांधाच्या पोटात शिरत होत्या.

"अजून आत बघायला पाहिजे," मृत्युंजय म्हणाला. "पण वरून सगळा बांध उकरायचा म्हणजे हंगाम संपेल."

अप्पांनी पहारीने भिंत वाजविली. नाद घट्ट आला. तो नाद ते जन्मभर ओळखत आले होते. "उकरायचा कावून? हा मुरूमच हाय, जरा थंड गावचा. आपल्याकडं काढतो तसा कोनाडा काढू. तुमी आत बसून निवांत बघा."

मृत्युंजय हसला. "माझी समाधी काढताय का काय, अप्पा?"

"तिला लई येळ हाय, साहेब. आदी लगीन करा. अक्का माझं डोस्कं खाती."

कोनाडा झाला. मृत्युंजय त्यात बसला आणि वळ्यांवरून बोट फिरवू लागला. आपल्याकडे सावली दुपारी सरकते तीही अंगणापुरती. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, क्षितिजाच्या काठाकाठाने परिक्रमा करीत राहतो, आणि सकाळी सावलीत असलेल्या भिंतीवर यथावकाश तोच ऊन घेऊन येतो. त्या भिंतीला मुरमाने धरलेले नव्हते. तिला थंडीने धरलेले होते. अप्पा चहा आणायला तंबूकडे गेले होते. परतताना त्यांना भिंत ओली चमकताना दिसली. "साहेब, भाईर या!" असे ते ओरडले. तळाच्या वळ्या चिखल होऊन ओघळल्या, आणि हिमनदीने न निवडता आणून ठेवलेले ते सारे, शिळा, गोटे आणि पीठ, एकदम खाली आले.

सर्वांनी मिळून त्याला काढले, तेव्हा प्राण उरला नव्हता. तुकडीच्या प्रमुखांनी देह स्ट्रेचरवर आडवा ठेवण्यास सांगितले. अप्पा आडवे आले. देह अजून मऊ होता. त्यांनी तो तंबूत नेला, पाय दुमडून पद्मासनात बसविला, गळ्यातले लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवले, आणि तो तसाच थिजेपर्यंत पाठीला पाठ लावून बसून राहिले. प्रमुख रागावले, समजावू लागले. अप्पांनी मान वर केली नाही. जहाजावरच्या सुताराने शेवटी बसत्या देहाच्या मापाची एक चौकोनी पेटी केली.

अहवालात उतार कोसळल्याची नोंद झाली. कोनाडा कोणी सुचविला, हे कोणी विचारले नाही. ते जाणणारा दुसरा माणूस पेटीत होता.

गोव्याहून बर्फाच्या लाद्या भरलेला ट्रक सिरसाळ्याकडे निघाला. वाटेत चौसाळ्याला तो थांबला, तेव्हा अप्पांच्या पत्नीने, शिवकन्येने, त्यांना बाजूला घेतले. सारे ऐकून ती म्हणाली, "कावून सांगता तिला? पोरगं काय माघारी येनार हाय का? ती तुमचंच नाव घेऊन बसलीय. म्हनती, माझ्या लेकराला गुरुपादच जागा करील. सांगितलं तर तुमाला तिथं उभं करनार न्हाईत."

अप्पांना नेमके तेच भय होते. त्यांच्या हाताने घडलेल्या अपघाताचे काही परिमार्जन असेल, तर ते त्यांच्या हातच्या एका निर्दोष खड्ड्यातच होते. आणि सत्य सांगितले तर तो खड्डा दुसरा कोणी काढणार होता.

चौकोनी पेटी उतरताना पाहूनच गंगासागरबाईंना उमगले. त्यांनी लाकडावर हात ठेवला. "बशिवलास तू त्याला."

"व्हय, अक्का."

"लोकं म्हनत व्हती, आडवा येईल. माती द्यायला बी धड व्हनार न्हाई." त्या अप्पांच्या पायांकडे वाकल्या.

अप्पा झटकन मागे सरले. "अक्का, वाकू नका. कोनाडा मी काढलता. तो म्हनला न्हवता. मीच म्हनलो, आपल्यासारखा कोनाडा काढू. मला वाटलं, मुरूम हाय."

जमलेल्यांत कुजबुज उठली. कोणीतरी म्हणाले, परळीहून दुसरा माणूस आणा. गंगासागरबाईंनी पेटीवरचा हात काढला नाही. त्यांच्या मुद्रेवर क्षमा नव्हती. "नजर ठिव म्हनलं व्हतं," त्या म्हणाल्या. मग, "खन."

बाईंच्या पतीच्या समाधीशेजारी अप्पा खणू लागले. काळी संपली, मुरूम लागला. त्यांनी तो वाजविला. नाद घट्ट आला, आणि या वेळी त्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. कोनाडा कोरून झाल्यावर ते स्वतः आत शिरले, पद्मासन घालून बसले, आणि छताला मस्तक लावून वाट पाहू लागले. ऊन वर आले, भिंतीवर चढले. मातीचा कणही गळला नाही. वर विधीसाठी आलेले जंगम बेल घेऊन खोळंबले होते. लोकांनी हाका मारल्या. अप्पा हलले नाहीत. ते छत पारखीत होते की त्याच्या पडण्याची प्रतीक्षा करीत होते, हे वरच्यांना कळेना.

शेवटी गंगासागरबाई काठाशी आल्या आणि खाली पाहू लागल्या.

"गुरुपाद," त्या म्हणाल्या, "वर ये. ती जागा माझ्या लेकराची हाय."

अप्पा वर आले. त्यानंतर पुष्कळ वर्षे ते जगले. परंतु कोणाच्याही अंगणात वा समाधिभूमीत त्यांनी पहार पुन्हा धरली नाही.