चाचांचं जंगबारी जहाज

त्या काळात कुवेतमध्ये पाण्यापेक्षा तेल मुबलक होतं आणि तेलापेक्षाही मुबलक होत्या आमच्या शेजारच्या चाचांच्या योजना. दाभोळकडचे हे चाचा शुवैख बंदराजवळच्या एका गॅरेजात स्टोअर सांभाळत. एकदा त्यांनी लॉरीच्या बॉनेटवर आमसुलं वाळवली आणि ती आमटीत पडल्यावर सगळ्या बिऱ्हाडाला डिझेलचे ढेकर आले. अशा माणसाच्या नादी लागू नये, हे मी प्रत्येकाला बजावत असे आणि स्वतः सगळ्यात आधी लागत असे.

एका शुक्रवारी ते चहा घेता घेता म्हणाले, "अब्बांचं जहाज बांधायचंय रे." चाचांचे आजी-आजोबा पोट भरायला कोकणातून आफ्रिकेतल्या जंगबारला निघाले होते, ते शिडाच्या जहाजानं. त्या जहाजावर, भर समुद्रात, चाचांच्या वडिलांचा जन्म झाला. आता ऐंशीच्या पुढचे, डोळे जवळजवळ गेलेले अब्बा बोटीनं कुवेत बघायला येणार होते. "सगळ्यांना जन्मगाव असतं," चाचा म्हणाले, "अब्बांना नुसतं पाणी. डोळ्यांनी नाही तर हातानं तरी बघू देत."

आराखडा माझ्याकडे आला. मी मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत पाइपांची ड्रॉइंग काढत असे आणि पुण्याचा असल्यामुळे जहाजातलंही मला कळतं, अशी माझी समजूत होती. माझं जहाज कागदावर वाकलेल्या पाइपासारखं दिसलं. चाचांनी कागद उलटा धरला, खूश झाले आणि तसंच बांधायला घेतलं. मूळ जहाजाची माहिती म्हणाल तर अब्बांच्या आईनं सांगितलेली तेवढीच: दोन डोलकाठ्या आणि खाली सुक्या मासळीचा वास. चाचांनी आधी वासाची सोय केली. लाकूड मिळालं यंत्रांच्या खोक्यांचं. त्यावरचे 'धिस साइड अप'चे बाण बहुतेक समुद्राच्या तळाकडे बोट दाखवत होते. शिडं तंबूच्या कापडाची. वारा पडला तर असावं म्हणून जुन्या लॉरीचं इंजिनही बसवलं. अखेर ते जहाज गॅरेजच्या अंगणात उभं राहिलं तेव्हा मी येणाऱ्याजाणाऱ्याला तोल म्हणजे काय ते समजावून सांगत होतो.

अब्बा आले. भरतीच्या वेळी ट्रॉलीवरून जहाज पाण्यात उतरवलं. ते एका कुशीवर कललं आणि मी चाचांची बाही धरली. म्हातारं माणूस यात बसवायचं? "चाचा, राहू दे," मी म्हणालो. चाचांचाही चेहरा उतरला. तेवढ्यात अब्बाच म्हणाले, "जन्मलो तेव्हा कुणी विचारलं होतं का मला? चढवा."

आम्ही निघालो. जहाज तरंगलं, शिडात वारा भरला आणि टाय लावून आलेला जहाजाचा इंजिनियर पहिल्याच लाटेला कठड्यावर ओणवा झाला. माझी पाठ चोळत होते ते अब्बा. "होतं रे पोरा," ते म्हणाले, "पहिल्या दिवशी मीपण रडलोच होतो."

मग ते कडेकडेनं चाचपडत हिंडले. फळ्यांवरून हात फिरवला, दोर हुंगले, डोलकाठीला गाल लावला आणि तिच्याच बुंध्याशी मांडी घालून बसले. चाचा सुकाणू धरून त्यांच्याकडे बघत होते. शेवटी राहवलं नाही. "अब्बा, असंच होतं का हो?"

अब्बांनी डोलकाठीवर तळहात ठेवला. "असंच होतं," ते म्हणाले. "फक्त आई होती रे त्यात."

चाचांनी मान समुद्राकडे फिरवली. वारा चांगला होता. परत फिरायचं कुणीच बोललं नाही.