सामाईक भिंतीची ओल

मंडळी, आजचा दिवस भिंतीपायी गेला. लय थकलोय.

आमचं सिडकोतलं जुनं घर. शेजाऱ्याची आणि आमची भिंत एकच. पावसाळ्यात ती ओली होते आणि बायकोचा दमा उठतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी आतून वॉटरप्रूफिंग केलं, वर प्लास्टिकचे पॅनल ठोकले. आज एक पॅनल काढला तर मागं सगळी काळी बुरशी.

तडक शेजारी गेलो. म्हटलं, "वामनराव, तुमची मोरी गळते."

ते म्हणाले, "वा आप्पा. आम्ही तुमच्या नावानं बोटं मोडतोय. या, बघा." त्यांच्याकडं पण तसेच पॅनल, तशीच बुरशी.

मग दोघं म्हातारे गच्चीवर चढलो. भिंतीच्या बरोबर वर ही मोठी चीर. पाणी तिथून भिंतीत उतरतं, आणि दोन्ही बाजू आम्हीच बंद केलेल्या. वाळणार कुठून ती?

चीर उद्या बुजवतो. भिंत वाळायला मात्र उन्हाळा उजाडेल. आत्ता लिहितोय तर इकडं ही खोकतेय, आणि भिंतीपलीकडून वहिनींचा खोकला येतोय.

तुमची भिंत सामाईक असेल तर पॅनल लावायच्या आधी पलीकडं विचारा. का तुम्ही पण आमच्यासारखेच?