गळ्याची मोजणी

आमच्या हिच्या मामांइतका खरा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि खरेपणानं माणसाचं किती नुकसान होऊ शकतं तेही मला त्यांच्याकडूनच कळलं. इतर लोक समोर येणाऱ्याचा चेहरा बघतात, कपडे बघतात, काहीजण चपला बघतात. मामा थेट गळा बघत. लग्नात, बसस्टँडवर, कुणाच्या घरी दुखवट्याला गेले तरी. कुणी हात जोडून नमस्कार केला की मामांची नजर जोडलेल्या हातांच्या वर आणि हनुवटीच्या खाली येऊन थांबायची, आणि नमस्काराला उत्तर म्हणून ते म्हणायचे, "थोडं आवंढा गिळा बरं." लोक घाबरून गिळायचे. मग मामा मान हलवायचे. त्या हलवण्यातून गाठ आहे की नाही हे कुणालाच उमगत नसे, पण त्या दिवसापासून तो माणूस आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहू लागे.

पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी मामा मोजणी खात्यात लागले. तेव्हा दप्तरातले जुने कागद उर्दूत होते, मोजणीला पैमाईश म्हणत आणि मोजणीच्या साखळीला जरीब. निजामाच्या नोकरीत केस पिकवलेल्या एका अमीनसाहेबांच्या हाताखाली ते काम शिकले. माप जुळलं नाही की अमीनसाहेब शेतकऱ्यावर ओरडत नसत आणि नकाशालाही दोष देत नसत. ते म्हणत, "मियाँ, पहले जरीब देखो. जमीन कू बाद में बोलो." साखळीच्या कड्या वाकल्या, सांध्यांत चिखल बसला, की साखळी आखडते आणि जमीन असते त्याहून जास्त भरते, हे त्यामागचं कारण. मामांनी हे वाक्य मंत्रासारखं सांभाळलं. करमाडच्या बाजूला दोन भाऊ बांधावरून काठ्या घेऊन उभे ठाकले, तर मामा म्हणाले, "थांबा, जरीब तपासतो," आणि लिंबाखाली बसून त्यांनी एकेक कडी फडक्यानं पुसायला घेतली. अर्ध्या पाऊण तासानं कड्या संपल्या तेव्हा भावांचा रागही संपला होता. मोजणीला गेलेल्या गावात ते कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नसत. तांब्या बरोबर असायचा.

रिटायर झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा त्यांनी गळे घेतले. त्यामागचं कारण हसण्यासारखं नव्हतं. त्यांची एकुलती एक बहीण, म्हणजे माझी सासू, हिच्या गळ्याला मोठा गलगंड होता. हैदराबादला ऑपरेशनसाठी नेलेली बहीण परत आली नाही आणि चार वर्षांची शकू मामांच्या कडेवर आली. तिला वडीलही नव्हते. मामांनी लग्न केलं नाही. पोरीला वाढवलं, शिकवलं, माझ्या हातात दिलं. हैदराबादच्या त्या फेरीनंतर सुई, कात्री, गोळी या सगळ्यांशी त्यांचं बिनसलं ते कायमचं.

औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या खोलीचा जिना चढतानाच भिजलेल्या धन्यांचा वास यायचा. वर गेलं की स्टोव्हवर कांचनाराच्या सालीचा काढा रटरटत असायचा. सकाळी उपाशीपोटी धन्याचं पाणी, दुपारी काढा, संध्याकाळी लाल कांदा कापून गळ्यावर गोलगोल चोळणं, असा त्यांचा दिनक्रम असे. कांद्यामुळं त्यांच्या हाताखालचे रुग्ण लांबूनच ओळखू येत. रिक्षात त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे. कोबी आणि फ्लॉवर हे मामांचे जन्माचे वैरी. गुलमंडीतल्या एका लग्नात त्यांनी पंगतीत कोबी वाढणाऱ्याचं मनगट धरलं आणि नवऱ्या मुलाच्या आईला भरमंडपात विचारलं, "विहीणबाई, पाहुण्यांला आहेर म्हणून गलगंड देता का?" पहाटे सिद्धार्थ उद्यानात ते सात-आठ जणांना घेऊन सिंहमुद्रा करवत. डोळे फाडायचे, जीभ हनुवटीपर्यंत काढायची आणि डरकाळी फोडायची. एकदा पलीकडच्या पिंजऱ्यातल्या वाघानं उत्तर दिलं. दोन बायका यायच्या बंद झाल्या. मामा मात्र महिनाभर सांगत होते, "त्याला समजलं बघा. जनावराला समजतं, डॉक्टरला नाय."

सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे मोजणी. शिंप्याची कापडी टेप घेऊन मामा दर पंधरा दिवसांनी गळा मोजत. एकाच जागी माप यावं म्हणून पेन्सिलीनं मानेवर दोन ठिपके देत. माप वहीत चढे. वही त्यांनी खात्याच्या जुन्या नमुन्यावरहुकूम आखली होती. नाव, दिनांक, माप, शेरा, आणि शेवटच्या रकान्यात 'हजर इसम'. बांधाच्या मोजणीला शेजारच्या शेतकऱ्याची सही घेतात, तशी गळा मोजताना जो कुणी समोर असेल त्याची सही ते घेत. एकट्या आलेल्या एका बाईसाठी त्यांनी खालून कांदेबटाटेवाल्याला वर बोलावलं होतं. तो बिचारा अंगठा उठवून म्हणाला, "मामू, कोरट में तो नहीं जाना पडता ना?"

शकूचा थायरॉइडचा आजार मामा रिटायर होण्याच्या तीन वर्षं आधी निघाला होता. डॉक्टरांनी रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सांगितली. ती गोळी घेई आणि ठणठणीत असे. सिडकोतल्या आमच्या घरात आम्ही दोघंच, पण घर भरलेलं वाटे, कारण शकू बोलायची. फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत येताना तिच्या चार घरांच्या बातम्या सांगून होत. मी हं हं करत वाचत असे.

एके दिवशी मामांनी तिला विचारलं, "किती दिवस घ्यायची म्हणला डॉक्टर?"

"जन्मभर."

"जन्मभर? जन्मठेप झाली व्हय तुला, शके? कुणाचा खून केला?"

"मामा, गोळीनं बरं वाटतंय ना पण मला."

"बरं वाटणं आन् बरं होणं यात फरक हाय का नाय? ऐक. एका शेतात दोन मोजणीदार घालत नसतात, कुणाचं माप खरं ते कळत नाय. एक महिना गोळी बंद ठेव. फकस्त एक महिना. मंग माप काय म्हणतं ते बघू."

मामांना नाही म्हणणं शकूला येत नव्हतं. ज्याच्या कडेवर मोठं झालो त्याला नाही कसं म्हणायचं, हा तिचा प्रश्न होता. संध्याकाळी ती माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. "अहो, काय करू?" तिनं विचारलं. त्या प्रश्नाचा अर्थ मला आज कळतो. तिला वाटत होतं की नाही म्हणायचं काम मी करावं. मी म्हणालो, "एकच महिना तर म्हणतायत. बघ करून." आणि पान उलटलं. कोणतं पुस्तक होतं ते आता आठवतही नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला फाटकाशी सायकलची घंटी वाजू लागली. औरंगपुऱ्याहून सिडकोपर्यंत मामा हँडलला कडीचा डबा अडकवून येत आणि शकू शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभे राहत. पहिल्या महिन्यात माप सव्वातेरा इंच होतं तसंच राहिलं. मामांनी पेढे आणले आणि महिन्याचे चार महिने केले. मग माप साडेतेरा आलं. मामांनी टेप नाकाशी नेली, बोटांनी चोळली. "काढ्यात भिजली. आखडली," म्हणाले, आणि शेऱ्यात लिहिलं, 'टेप बदलणे.' शहागंजातून प्लॅस्टिकची टेप आली. तिनं पावणेचौदा दाखवले. "उन्हानं आक्रसलं असंल," मामा म्हणाले. मग सुताराची पोलादी टेप आली.

"मामा, गार लागतंय हो," शकू शहारून म्हणाली.

तोवर तिला सगळंच गार लागू लागलं होतं. मे महिन्यात अख्खी गल्ली गच्चीवर झोपायची आणि ही आत स्वेटर घालून. चेहरा सुजला, भुवया विरळ झाल्या, आवाज जड झाला. बोलता बोलता मध्येच थांबायची, अंधारात पायानं चप्पल शोधावी तशी शब्द शोधायची. मग तो सापडला नाही की राहू दे म्हणायची. मामा टेपा बदलत होते. मला टेपेची गरजच नव्हती. मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो. प्रत्येक मोजणीला मामा वही पुढं करायचे, "जावईबापू, हजर इसम," आणि मी पुस्तकातून डोळे न काढता म्हणायचो, "नंतर करतो." घरात आलेली शांतता, खरं सांगायचं तर, सुरुवातीला मला वाचायला बरी पडली होती.

मार्गशीर्षातल्या थंडीत पोलादी टेपेनं साडेचौदा दाखवले. मामांनी टेप गुंडाळून खिशात घातली. सायकल काढून ते आपल्या जुन्या कचेरीत गेले. तिथं साखळ्या तपासायची एक प्रमाण पट्टी असते, तिच्यावर त्यांनी ती टेप लावून बघितली. टेप तंतोतंत बरोबर निघाली. भर दुपारी मामा घामेजून आमच्या दारात आले. "डॉक्टरची चिठ्ठी कुठंय?" एवढंच विचारलं आणि स्वतः जाऊन गोळ्या घेऊन आले. ज्या माणसानं तीस वर्षं गोळीला हात लावला नव्हता त्यानं ती आपल्या हातानं शकूच्या जिभेवर ठेवली. माप खरं ठरल्यावर मामा एक दिवसही थांबले नाहीत. पण शकूच्या छातीत तोवर कफ भरला होता. तिसऱ्या दिवशी ती जागी होईना.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कुणी बंद केली?"

मी म्हणालो, "मामांनी."

मामा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. 'जावईबापूंनाही ठाऊक होतं,' असं ते म्हणू शकले असते. "व्हय," ते म्हणाले. "मी केली."

पाचव्या दिवशी शकू गेली.

त्यानंतर मी मामांना घरात घेतलं नाही. सकाळी सहाला घंटी वाजायची, मी आत अंथरुणात बसून ऐकायचो. थोड्या वेळानं सायकल परत जायची. डबा नसायचा हे मी खिडकीतून पाहिलं होतं. नुसते येत होते. नातेवाइकांत मी सगळ्यांना सांगितलं की मामांच्या धन्याच्या पाण्यानं माझी बायको मारली. लोकांना ते पटलं, कारण ते खरं होतं, आणि उरलेलं मला कुणी विचारलं नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मामा दुपारी आले. घंटी वाजली नाही, कारण सायकल नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदू झाले होते, रिक्षानं आले होते. माणसं जेवून गेल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढली आणि शकूच्या पानावर बोट ठेवलं. सव्वातेरापासून साडेचौदापर्यंत सगळी मापं तिथं होती. एकाही आकड्याला खाडाखोड नव्हती. तिच्या नाशाची एवढी खरी नोंद दुसऱ्या कुणीच ठेवली नव्हती.

"मोजणी पुरी झाली, जावईबापू. शेवटला शेरा तेवढा राहिलाय. मला अक्षर दिसत नाय. मी सांगतो, तुम्ही लिहा."

मी पेन काढलं.

"लिहा. टेप बरोबर. माप बरोबर. मोजणीदार चुकला."

मी लिहिलं. मामांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग वहीसाठी हात पुढं केला. मी वही दिली नाही. त्या पानावरचा शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. सगळ्या मोजण्यांच्या वेळी मी त्याच खोलीत होतो. मी वरून सुरुवात केली आणि प्रत्येक ओळीपुढं, 'हजर इसम' खाली, माझी सही केली. पेनाचा आवाज मामा ऐकत होते. कितव्या सहीनंतर कुणास ठाऊक, त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सह्या संपेपर्यंत तो तसाच राहू दिला.

जाताना उंबऱ्याशी ते थांबले. सवयीनं माझ्याकडं वळले, दिसत नव्हतं तरी हनुवटीच्या खाली कुठंतरी बघितलं, आणि चाचपत दोन बोटं माझ्या गळ्याला लावली.

"थोडं आवंढा गिळा बरं," म्हणाले.

मी गिळला. मामांनी मान हलवली, आणि भिंतीला हात लावत फाटकाकडं गेले.